उंदीर, घूस, धामण आणि चौतीस बंगले

प्रश्न थोडक्यात असा. दापोली तालुक्यात समुद्रापासून हाकेच्या अंतरावर निवृत्त मंडळींची वसाहत आहे. चौतीस बंगले, त्यातले निम्मे वर्षातले आठ-नऊ महिने कुलूपबंद. कायम राहणारे बहुतेक पुण्या-ठाण्याहून आलेले, पासष्टीच्या पुढचे. गेल्या दोन पावसाळ्यांत उंदीर फार वाढले, दोन गाड्यांच्या वायरी कुरतडल्या गेल्या, एका काकूंच्या माळ्यावर रात्री ‘कोणीतरी चालतं’, आणि जूनमध्ये पंपहाऊसपाशी सात फुटी साप निघाला, तो वॉचमनने मारला. सभासदांत दोन तट पडलेत. एक म्हणतो, दर महिन्याला औषध टाकणारी कंपनी नेमा आणि सगळं साफ करून टाका. दुसरा म्हणतो, आपण निसर्गात राहायला आलो आहोत, कशालाही हात लावू नका. सेक्रेटरी काकांनी विचारलंय, बरोबर कोण?

राग मानू नका, पण दोन्ही तट चुकताहेत. मी २७ वर्षं रत्नागिरी जिल्ह्यात पेस्ट कंट्रोलचा धंदा करतोय. हॉटेलं, आंबा कॅनिंगचे कारखाने, मासळीची गोदामं, भक्तनिवासांची कोठारं, सगळीकडे रात्री काढल्यात. औषध मारूनच माझं घर चाललं, तेव्हा मला कोणी हौशी निसर्गप्रेमी म्हणायचं कारण नाही. तरी सांगतो: भिंतीच्या आत एक उंदीर ठेवू नका, आणि भिंतीबाहेरचे उंदीर मारायच्या फंदात पडू नका. बाहेर ते काम करायला बिनपगारी माणसं आधीच नेमलेली आहेत. तुमच्या वॉचमनने मारला तो त्यातलाच एक. मी फोटो पाहिला. धामण होती ती. पूर्ण बिनविषारी, आणि पंपहाऊसच्या मागे घुशीची बिळं आहेत म्हणूनच तिथे आलेली.

आधी ‘उंदीर’ म्हणजे कोण, हे ठरवू. शहरातून आलेली मंडळी चार वेगळ्या प्राण्यांना एकच नाव देतात आणि निम्मा खर्च तिथेच वाया जातो. माळ्यावर, माडावर, वायरींवरून पळतो तो काळा उंदीर. अंगाने सडपातळ, कान मोठे, शेपूट अंगापेक्षा लांब. हा मुळात झाडावरचा गडी. कोवळ्या नारळाला देठाकडे गोल भोक पाडतो आणि सकाळी माडाखाली ते नारळ पडलेले दिसतात. दुसरी घूस. ती माळ्यावर जात नाही. गडग्याखाली (दगडी कुंपणाखाली), पायऱ्यांखाली, सेप्टिक टँकच्या कडेने पोखरते आणि बिळाच्या तोंडाशी ताज्या मातीचा ढीग टाकते. तिसरा पिटुकला घरउंदीर, जो कपाटातल्या जुन्या साड्यांत घरटं करतो. चौथी चिचुंद्री, आणि ती उंदीर नाहीच. लांब सोंड, बारीक डोळे, भिंतीला चिकटून चिकचिक करत पळते, वास मारते. ती झुरळं आणि किडे खाते. तिच्यासाठी विष ठेवणं म्हणजे झुरळं मारणाऱ्याला कामावरून काढणं. दार उघडून सुपलीने बाहेर वळवा, पुरे.

लेंड्या पाहिल्या की कळतं. जिऱ्याएवढ्या असतील तर घरउंदीर. तांदळाच्या दाण्यापेक्षा मोठ्या, दोन्ही टोकं निमुळती, तर काळा उंदीर. टोकाला पांढरा ठिपका असेल तर ती पालीची, उगाच घाबरू नका. आणि गच्चीवर किंवा गडग्यावर बियांनी भरलेली बोटभर विष्ठा पडलेली असेल, त्यात भेरली माडाच्या बिया दिसत असतील, तर काकूंच्या माळ्यावरचं कोडं सुटलं.

ते कांडेचोर आहे. उदमांजर म्हणा हवं तर. उंदराचा आवाज बारीक, खुडखुड असा, मध्येच थांबणारा. हा आवाज काकूंनी वर्णन केला तसा: रात्री दहा-अकराला धप्प, मग सावकाश चार पावलं, पहाटे परत धप्प. कोकणात कितीतरी घरं या धप्प आवाजापायी भुताटकीची ठरली. हा प्राणी फळं खातो, उंदीरही खातो, माणसाला काही करत नाही. पण माळ्यावर मुततो आणि तो वास जाता जात नाही, त्यामुळे ‘राहू द्या बिचाऱ्याला’ असंही मी म्हणणार नाही.

इथे माझी स्वतःची एक चूक सांगतो. धंद्याच्या चौथ्या-पाचव्या वर्षी एका घराच्या वाशांमधली फट मी दिवसाढवळ्या जाळी ठोकून बंद केली. आतली कांडेचोराची मादी बाहेर काढली आहे अशी माझी समजूत होती. पिल्लं आत राहिली होती. त्या रात्री तिने बाहेरून कौलं उचकटली, बारा-पंधरा फुटली, आणि दुसऱ्या दिवशी पाऊस. घरमालकांनी माझ्याकडून कौलांचे पैसे घेतले आणि योग्यच केलं. तेव्हापासून नियम एकच: आधी पीठ भुरभुरवायचं, पावलं कुठून जातात-येतात ते तीन रात्री पाहायचं, पिल्लांचा आवाज नाही याची खात्री करायची, आणि रात्री ती बाहेर पडल्यावरच भोक बुजवायचं. पिल्लं असतील तर अडीच-तीन महिने थांबायचं. तीन महिन्यांचं भाडं बुडालं समजा.

आता घर बंद करण्याचं काम, म्हणजे खरं काम. माझ्या आजोळी मोठं कौलारू घर होतं. तिथे उंदीर नव्हते असं कोणी म्हणालं तर खोटं बोलतंय. पण त्यांना मिळायचं कमी. दूध-दही शिंक्यावर टांगलेलं, डाळी पितळी डब्यात, भात शेणाने सारवलेल्या कणगीत, आणि चुलीचा धूर वरपर्यंत जाणारा. तुमच्या बंगल्यांत चूल नाही, शिंकं नाही, पण जिप्समचं फॉल्स सीलिंग आहे. उंदराच्या दृष्टीने हे उत्तम लॉज. कोरडं, गरम, माणसाचा हात पोचत नाही, आणि खाली स्वयंपाकघर.

भोकं शोधायला मला बोलवायची गरज नाही. संध्याकाळी घरात दिवे लावा आणि बाहेरून घर पाहा. जिथून उजेड झिरपतो तिथून उंदीर येतो. पिटुकल्याला ६ मिलिमीटरची फट पुरते, म्हणजे साधी पेन्सिल जाईल एवढी. काळ्या उंदराला अंगठ्याएवढं भोक बास. माझ्या अनुभवात दहातली आठ भोकं ठरलेल्या जागी सापडतात: एसीचा पाइप भिंतीतून जातो तिथे, सोलरची नळी उतरते तिथे, वॉशिंग मशीनच्या पाण्याच्या वाटेवर, किचनच्या एक्झॉस्टभोवती, आणि मागच्या दाराखाली. प्लंबर ही भोकं फोमने भरून जातात. फोम उंदीर एका रात्रीत कुरतडतो. भांडी घासायची तारेची घासणी आत कोंबा, वरून सिमेंट. मोठ्या जागेला पाव इंची जीआयची जाळी. प्लॅस्टिकची मच्छरजाळी उंदरासाठी नाही. दाराखाली ॲल्युमिनियमची पट्टी. मोरीच्या जाळ्या स्टीलच्या आणि स्क्रूने घट्ट बसवलेल्या. काळा उंदीर पोहतो, नळीतून वर येतो. हे ऐकून कमोडवर बसायची भीती वाटू लागेल, पण वापरातल्या घरात तसं क्वचितच होतं.

बंद घरात मात्र होतं. कमोडच्या वळणातलं पाणी काही आठवड्यांत आटतं आणि सेप्टिक टँकपासून बेडरूमपर्यंत रस्ता मोकळा. तुमच्या वसाहतीचा खरा प्रश्न हे सतरा कुलूपबंद बंगले आहेत. बाकीच्यांनी लाख रुपये खर्चून घरं सीलबंद केली तरी शेजारच्या रिकाम्या घरात पोसलेली पिलावळ भातकापणीनंतर तुमच्याकडे पाहुणी येणारच. उंदरीण तीन आठवड्यांत विते आणि तिची पिल्लं दोन-तीन महिन्यांत विण्याजोगी होतात. हिशेब तुम्हीच करा, बँकेतले लोक आहात तुमच्यात. म्हणून सोसायटीने ठराव करावा: बंद बंगल्याची एक किल्ली ऑफिसात, महिन्यातून एकदा दारं उघडायची, सगळ्या संडास-मोऱ्यांत बादलीभर पाणी आणि वर चमचाभर खोबरेल किंवा कुठलंही तेल, म्हणजे पाणी लवकर उडत नाही. गाद्या उभ्या करून ठेवायच्या. स्वयंपाकघरात एक दाणाही ठेवायचा नाही, ‘पुढच्या वेळी लागेल’ म्हणून ठेवलेली पोह्यांची पिशवीसुद्धा नाही. मालकाने नाही म्हटलं तर मेंटेनन्स वाढवा. हे मी गंमतीने लिहीत नाही.

झाडांचंही पाहा. छपरावर आलेली फांदी पाच-सहा फूट मागे छाटा, कारण उंदीर तीन-चार फूट सहज झेप घेतो. माडांना जमिनीपासून सहा-सात फुटांवर सव्वा-दीड फूट रुंदीचा गुळगुळीत पत्रा गुंडाळतात. जुना उपाय आहे आणि चालतो. अट एवढीच, की त्या माडाच्या झावळ्या शेजारच्या झाडाला टेकलेल्या नसाव्यात. टेकल्या असतील तर उंदीर पत्र्याला नमस्कार करून शेजारून चढतो.

खाणं. हा नाजूक विषय आहे, कारण प्रत्येक घरात कोणीतरी कोणालातरी खायला घालत असतं. एक आजी कावळ्याला घास ठेवतात, एक काकू सहा मांजरं सांभाळतात, एक काका संध्याकाळी कुत्र्यांना बिस्किटं घालतात. म्हातारपणी दारात कोणीतरी वाट पाहणारं असावं हे मला कळतं. बंद करा म्हणणार नाही. पण सकाळी ठेवा, आणि दिवेलागणीच्या आत उरलेलं उचला. रात्रभर अंगणात राहिलेला भात हा उंदराचा भात. मांजरांवर फार भिस्त ठेवू नका. मांजर पिटुकला उंदीर धरतं, मोठ्या घुशीच्या वाटेला जात नाही, आणि ज्याला सकाळ-संध्याकाळ बशी मिळते ते तर मुळीच नाही. बागेतला कंपोस्टचा उघडा खड्डा बुजवा. झाकणाचा ड्रम घ्या आणि त्याच्या बुडाला जाळी लावा. एप्रिल-मेमध्ये पडलेले आंबे, फणस, काजूचे बोंडू रोज गोळा करा. सुकी मासळी काचेच्या किंवा पत्र्याच्या डब्यात. बेगमीचे सुके बोंबील प्लॅस्टिकच्या पिशवीत टांगणारे लोक मला दर जूनमध्ये फोन करतात.

आता विष. तुमच्या पहिल्या तटासाठी हे नीट लिहितो.

मेणासारख्या निळ्या-हिरव्या वड्या मिळतात, त्यांत बहुतेक ब्रोमाडायोलोन असतं. ते रक्त गोठू देत नाही. तुमच्यापैकी काहीजण वॉरफरिनच्या जातीची गोळी घेत असतील (इकोस्प्रिन नव्हे, ती वेगळी), त्यांना हे पटकन कळेल, कारण वॉरफरिन १९४८ साली उंदीर मारायचं औषध म्हणूनच बाजारात आलं आणि माणसांना द्यायला १९५४ मध्ये सुरुवात झाली. काम तेच: ‘के’ जीवनसत्त्वाचा मार्ग अडवायचा. वडीतलं औषध त्याच्यापेक्षा कितीतरी जहाल आणि अंगात दीर्घकाळ राहणारं. ते खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. चार-पाच दिवस फिरतो, सुस्तावतो, भर दिवसा उघड्यावर येतो. असा उंदीर कोणाच्या तोंडी सहज लागेल? गव्हाणी घुबडाच्या, धामणीच्या, कांडेचोराच्या, काकूंच्या मांजराच्या. उंदरिणीची भरपाई तीन आठवड्यांत होते, घुबडाची वर्षानुवर्षं होत नाही. दर महिन्याला विष टाकणाऱ्या वसाहतीत दोन वर्षांनी उंदीर जास्त का, याचं उत्तर हे. धंद्यातल्या लोकांना ते माहीत आहे. महिन्याचं बिल मात्र त्यांना हवंय.

झिंक फॉस्फाईडची काळी पूड, पिठात कालवून देतात ती, तर घरात नकोच. पोटात विषारी वायू तयार होतो, त्यावर उतारा नाही. पिवळ्या फॉस्फरसची पेस्टही नको, ती यकृत संपवते. मेमध्ये तुमच्याकडे नातवंडं येतात, आणि चार वर्षांचं मूल सोफ्याखाली काय शोधेल सांगता येत नाही. चिकट पुठ्ठ्याबद्दल माझं मत वाईट आहे. त्यावर पाली, चिचुंद्र्या, कधी लहान साप अडकतात, आणि अडकलेला जिवंत उंदीर सोडवायचा कोणी हा प्रश्न सकाळी सहा वाजता सत्तरीच्या बाईंना पडतो.

घरात शिरलेल्यासाठी सापळाच. चाप किंवा पिंजरा, भिंतीला लागून, तोंड भिंतीच्या दिशेने. काळा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो, म्हणून पहिले चार-पाच दिवस सापळा उघडा, न लावता ठेवा आणि त्यावर भाजलेलं खोबरं किंवा चिमूटभर सुकट ठेवत जा. रोज फस्त होऊ लागलं की सहाव्या रात्री लावा. आणि एक नको, सहा-आठ एकदम. एकच लावला तर उरलेले शहाणे होतात. चीजचा तुकडा चित्रांतल्या उंदरांसाठी ठेवा. अल्ट्रासोनिक यंत्रावर पैसे घालवू नका. चार दिवस उंदीर दबकतात, मग त्याच यंत्राच्या वायरवरून फिरतात.

एका काकांनी कळवलंय की गणपतीच्या वाहनाची हत्या नको. मान्य. मग मामांना घरात यायची सोयही करू नका, म्हणजे हत्येचा प्रश्नच येणार नाही. पिंजऱ्यातला उंदीर पलीकडच्या वाडीत नेऊन सोडणं हे मात्र पुण्यकर्म नव्हे. तो पलीकडच्यांच्या घरात जातो किंवा परक्या जागी मरतो.

गाड्यांचं सोपं आहे. आठवडाभर न हललेली गाडी म्हणजे बीळ. दर दोन दिवसांनी सुरू करा, रात्री बॉनेट उघडं ठेवा आणि त्यावर दिवा लावा. अंधार आणि ऊब या दोन्ही गोष्टी गेल्या की उंदीर दुसरीकडे पाहतो. डांबराच्या गोळ्यांनी फक्त गाडीला वास येतो.

साप. इथे तुमची भीती मला खरी वाटते, पण चुकीच्या सापावर खर्च होते. कोकणात चार विषारी साप ओळखता यायला हवेत: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. शेवटचं आपल्या जिल्ह्याचं खास. हातभर लांबीचं, सड्यावरच्या, म्हणजे उघड्या कातळावरच्या, जांभ्या दगडांत, पालापाचोळ्यात बसलेलं, डिवचलं की अंग अंगावर घासून करवतीसारखा आवाज करणारं. १८६२ च्या डिसेंबरात सरकारने रत्नागिरी जिल्ह्यात फुरशांवर इनाम लावलं, तेव्हा आठवडाभरात लाखाच्या वर फुरशी मारून आणल्याची नोंद आहे. लाखाच्या वर! आणि आज तुमच्या वसाहतीमागच्या सड्यावर जा, पावसाच्या सुरुवातीला दगड उलटा, फुरसं आहेच. ‘सगळं साफ करा’ म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

मण्यारीचं वेगळं. ती रात्री घरात येते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, दुखत नाही, सूज येत नाही. पहाटे पोटात कळ, मग पापण्या जड होतात. म्हणून कोकणात पावसाळ्यात खाटेवर झोपा आणि मच्छरदाणी गादीखाली खोचा, कितीही उकडलं तरी. मण्यारीसारखाच दिसणारा कवड्या घरात पालींमागे येतो, तो बिनविषारी. दोघांतला फरक ओळखायला तुम्ही जवळ जाऊ नका. दार लावा, फटीला टॉवेल लावा, वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा किंवा गावातल्या सर्पमित्राला बोलवा. साप मारणं वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ प्रमाणे गुन्हा आहे, धामण मारणंसुद्धा. कार्बोलिक ॲसिड, फिनाईल, लसूण यांनी साप येत नाहीत ही समजूत सोडा. ॲसिडने तुमचे हात भाजतील.

धामणीला आमच्याकडे जुनी माणसं ‘जागेवाला’ म्हणून हात लावत नसत. जागेची राखण करणारा. मी देवभोळा नाही, पण भाताच्या उडवीपाशी धामण असलेलं घर आणि नसलेलं घर यांतला फरक मी पाहिलाय.

कोणाला साप चावलाच तर आवळून बांधू नका, चिरू नका, चोखू नका. अंगठ्या, बांगड्या काढा, तो हात किंवा पाय हलू देऊ नका, १०८ ला फोन आणि सरळ रुग्णालय. आणि डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की पेशंट रक्त पातळ करणारी गोळी घेतो. फुरसं आणि घोणस यांचं विष रक्ताच्या गोठण्यावरच घाला घालतं. तुमच्या वसाहतीत हे वाक्य पाठ असायला हवं. लाल विंचवाबद्दलही तेच, उशीर नको. त्याच्या दंशावर प्राझोसिन हे औषध द्यायचं हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी जगाला दाखवलं, त्याआधी कोकणात त्या विंचवाने माणसं दगावत. बाहेर ठेवलेली चप्पल, गमबूट पायात घालण्याआधी उलटे करून आपटायचे.

सापाविंचवापेक्षा मला तुमच्यासाठी जास्त काळजी वाटते ती लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाची. उंदराच्या लघवीतून जंतू पाण्यात, चिखलात येतात आणि पायाच्या भेगेतून, जखमेतून अंगात शिरतात. तुमच्यातल्या निम्म्यांना मधुमेह असणार, पायाला काय लागलंय ते कळत नाही, आणि पहिल्या पावसात अनवाणी बागेत जायची हौस दांडगी. गमबूट घाला. साचलेल्या पाण्यात हातमोज्याशिवाय हात घालू नका. माळ्यावरच्या लेंड्या कोरड्या झाडू नका, आधी ब्लीचचं पाणी शिंपडा, दहा मिनिटांनी ओल्या फडक्याने पुसा. पावसाळ्यात ताप, पोटऱ्या भयंकर दुखणं, डोळे लाल, असं दिसलं तर घरी क्रोसिन घेऊन दोन दिवस वाट पाहू नका. डॉक्टरांना ‘बागेत चिखलात काम केलं होतं’ हे आपणहून सांगा. त्या एका माहितीवर उपचार लवकर सुरू होतात, आणि लेप्टोत सारा फरक त्यानेच पडतो.

बाकीच्यांविषयी थोडक्यात. माकडांना एकदा केळं दिलंत की ती पिढ्यान्‌पिढ्या येतात, ते देणारं घर शोधा आणि सोसायटीच्या सभेत बोला. सिंधुदुर्गात दोडामार्ग-सावंतवाडीकडे गोचिडीतून पसरणारा माकडताप आहे, तिकडे नातेवाइकांकडे गेलात आणि मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, कळवा. बिबट्या तुमच्यासाठी येत नाही, कुत्र्यांसाठी येतो. बिस्किटवाल्या काकांना हे सांगायला हरकत नाही. विहिरीला कठडा आणि जाळी हवी, दरवर्षी कुठेतरी बिबट्या विहिरीत पडतोच. मुंगसाला, घोरपडीला हात लावायचा नाही. आणि समुद्राच्या बाजूचे दिवे हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत रात्री मालवा. आंजर्ल्याला, वेळासला कासवांची पिल्लं वाळूतून निघतात, तशी तुमच्याही किनाऱ्यावर निघू शकतात, आणि ती उजेडाकडे जातात.

आता क्रम. मे महिन्यात कौलं चाळता, पागोळ्या साफ करता, त्याच वेळी भोकं बुजवा. मृग लागला की बिळांत पाणी शिरतं आणि घुशी, त्यांच्यामागोमाग साप, उंचवट्यावर म्हणजे तुमच्या ओट्यावर येतात. तेव्हा धावाधाव करून उपयोग नाही. पंपहाऊसमागची घुशीची बिळं पाऊस येण्याआधी खडी आणि सिमेंट घालून भरा, आणि लाकूडफाटा भिंतीपासून दूर, दगडांवर दीड फूट उंच रचा. वॉचमनला बोल लावू नका. त्याला चांगली टॉर्च, गमबूट आणि भिंतीवर मोठ्या आकड्यांत १९२६ लिहून द्या.

काकूंच्या माळ्याचं मी स्वतः येऊन पाहीन. तोपर्यंत फक्त वाशाजवळ पीठ भुरभुरवायला कोणा तरुणाला सांगा आणि पावलांचा फोटो पाठवा. शिडीवर तुमच्यापैकी कोणी चढू नये. या धंद्यात मी साप चावलेल्यांपेक्षा शिडीवरून पडलेले जास्त पाहिलेत.